बिनपगारी घाम

मुरबाडकडे पूर्वी बीपी हा मानाचा आजार होता. तो सोसायटीच्या चेअरमनला असे, भाताच्या गिरणीवाल्याला असे, रिटायर झालेल्या हेडमास्तरांना असे. ज्याच्या ओटीवर चार माणसं बसायला येतात, ज्याच्या सातबाऱ्यावर भावकीचं भांडण आहे, ज्याला तारखेला ठाण्याच्या कोर्टात जावं लागतं, अशा माणसाला बीपी शोभून दिसे. लग्नाच्या पंगतीत त्याच्यासाठी वेगळी अळणी भाजी यायची आणि वाढणारी बाई मुद्दाम मोठ्याने सांगायची, "ही दादांची, बीपीवाली." दादाही पानातलं लोणचं बाजूला सारायच्या आधी, आजूबाजूच्यांचं लक्ष आपल्याकडे आहे ना, याची खात्री करून घ्यायचे. ज्याला मिळवायचं काही नाही आणि गमवायचंही काही नाही, त्याचं रक्त कशाला उसळेल, असा गावाचा सरळ हिशेब होता.

त्या हिशेबात आता नववी-दहावीची पोरं घुसली आहेत. मिसरूड फुटतेय न फुटतेय, आवाज अजून धड कुठल्या पट्टीत राहावं हे ठरवत नाही, आणि दंडाला पट्टा बांधला की आकडा १३४. घरी ही बातमी पोचली की आजीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "याला कसलं टेन्शन? याला सकाळी उठवायला तीन माणसं लागतात. टेन्शन आम्हाला हाये."

आजीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण रक्तदाबाला टेन्शनशिवायही बऱ्याच गोष्टी चालतात. वजन चालतं, मीठ चालतं, अपुरी झोप चालते, आईबापांकडून आलेला वारसा चालतो. आणि सगळ्यांत जास्त चालतं ते न चालणं.

शाळेत तपासणीचं पथक येतं तो दिवस पोरांना सणासारखा असतो, कारण गणिताचा तास बुडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हे त्या योजनेचं नाव. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिची देशातली सुरुवात झाली ती पालघरला. तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. ते वेगळं झालं १ ऑगस्ट २०१४ ला. म्हणजे देशभरच्या पोराटोरांचे दात, डोळे, कान तपासायची ही रीत आमच्याच जिल्ह्यातून निघाली. वाटणीत पालघर शेजाऱ्याकडे गेलं म्हणून अभिमान कशाला सोडायचा?

दात बघून होतात, डोळ्यांचा तक्ता वाचून होतो (मागच्या पोराने पुढच्याला सांगितलेली शेवटची ओळ सगळेजण पाठ म्हणतात), आणि बरोबर यंत्र असेल तर मग दंडाला पट्टा. इथे खरी गंमत असते. पोरगं मैदानातून धावत आलेलं असतं, कारण त्याचा नंबर आला हे त्याला झाडावर कळलेलं असतं. बाहेर दहा जण खिडकीला लटकून त्याच्याकडे बघत असतात. फुगा दाबला जातो, दंड आवळतो, आणि "आता मोडतंय बघ हाडूक" असं खिडकीतून कोणी तरी हळूच म्हणतं. अशा वेळी येणारा आकडा हा पोराचा असतो की खिडकीचा, हे सांगणं कठीण. म्हणून शहाणी सिस्टर त्याला आधी पाच मिनिटं गप बसवते, पाय जमिनीला टेकवायला लावते, हात टेबलावर काळजाच्या पातळीत ठेवायला लावते आणि खिडकी लावून घेते. पट्ट्याचंही तसंच. मोठ्या माणसाचा पट्टा पोराच्या बारीक दंडाला गुंडाळला तर आकडा आहे त्याहून कमी येतो. जाड दंडाला आखूड पट्टा बांधला तर उगाच जास्त. आमच्याकडच्या काटकुळ्या दंडांना मोठा पट्टा किती वर्षं दिलासा देत आला असेल, देव जाणे.

आणि एका आकड्यावर कुणाला बीपीवाला म्हणत नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली जे नियम घालून दिले, त्यात तेरा वर्षांपुढच्या मुलांसाठी हिशेब मोठ्यांसारखाच सोपा केला आहे : १२० आणि ८० च्या आत असेल तर झकास, वरचा आकडा १३० किंवा खालचा ८० ला पोचला तर दखल घ्यायची, पण तीन वेगवेगळ्या दिवशी मोजून तसाच आला तरच. त्याहून लहान पोरांचं मात्र वय, उंची, मुलगा की मुलगी हे सगळं बघून तक्त्यात बोट फिरवावं लागतं. वयात येताना मुलग्यांचा आकडा मुलींपेक्षा जरा जास्तच चढतो, हेही खरं. पण चढणं आणि चढून बसणं यांत फरक आहे. लहानपणी जो आकडा वर बसला, तो पुढेही वरच बसायची शक्यता बरीच असते. गावातल्या खुर्च्यांचंही तसंच आहे, पण तो विषय वेगळा.

पथकातल्या सिस्टरने वहीत लिहायला म्हणून एका पोराला विचारलं, "व्यायाम करतोस का?"

"नाय."

"शेतात काम?"

"आवणीला जातो ना. लोक कमी पडले की."

"मग तो व्यायामच झाला की."

पोरगं हसलं. आवणीला व्यायाम म्हणणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली होती.

आमच्या पिढीलाही कुणी म्हटलं नव्हतं. शहापूर-मुरबाडच्या डोंगरकडेला भाताचं एक वर्ष करायचं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. उन्हाळ्यात झाडाच्या फांद्या तोडून, पाला-गोवऱ्या डोक्यावरून वाहून राब भाजायचा. पहिल्या पावसाला त्यात पेरायचं. मग चिखलणी; बैलांमागे गुडघाभर चिखलात पाय उचलायचा, टाकायचा, उचलायचा. मग रोपांच्या मुठी बांधून बांधावरून फेकायच्या आणि दिवसभर वाकून आवणी. दिवाळीच्या आगेमागे कापणी, भारे, खळं, झोडणी. शिवाय जूनच्या पहिल्या पुरात वलगणीचे मासे पकडायला शेतातून ओढ्याकडे आणि ओढ्यातून शेताकडे जी पळापळ व्हायची, रात्री बत्ती घेऊन मुठे, म्हणजे खेकडे, शोधायला जे हिंडणं व्हायचं, त्याला खेळ म्हणायचं की काम, हे आईचा मूड ठरवायचा. मुठे मिळाले तर काम. नाही मिळाले तर "रात्रभर उंडारत होतास".

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं तरी दमछाक होईल असं काहीतरी करावं. आम्ही साठ मिनिटांत शाळेत पोचायचो.

इथे मी जपून लिहितो आहे, कारण गेल्या काळाच्या घामाचं कौतुक करताना माणूस सावलीत बसलेला असतो. त्या घामाला पगार नव्हता, आणि त्या वाकण्याची पाठीने पुढे पुरेपूर वसुली केली. ज्यांनी आयुष्यभर चिखलणी केली त्यांनाही म्हातारपणी बीपी निघालंच. तंबाखूची चंची आणि सुकटीचं कालवण यांनी चिखलणीला दाद दिली नाही. दोन वेळची भाकरी आणि वर तीन कोस चालणं, यात आरोग्य किती आणि उपास किती, हे वेगळं काढता येत नाही. त्यामुळे पॉवर टिलर आला तेव्हा कुणी रडलं नाही, आणि रडायला नकोच होतं. पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या यात्रेत, खांबलिंगेश्वराच्या दारी बैलांचा जो बाजार भरतो, तिथे आजही शिंगं रंगवलेल्या जोड्या दिसतात, भाव होतात, रुमालाखाली बोटं हलतात. पण बैल बघायला आलेल्या गर्दीत बैल घ्यायला आलेले कोणते, हे शोधावं लागतं. पोरं तर शिंगांबरोबर सेल्फी काढून पाळण्याकडे पळतात.

बैल गेला तो एकटा गेला नाही. त्याच्यामागे चालणारं पोरगंही गेलं. ते मोटरसायकलवर जाऊन बसलं.

मोटरसायकलबद्दल माझ्या मनात आकस नाही. रात्री-अपरात्री बाळंतीण दवाखान्यात पोचवायला, सापाने डसलेल्याला शहापूरला न्यायला याच गाडीने किती जणांना हात दिला, ते विसरून चालणार नाही. पण ती अंगणात उभी असली की पोराचे पाय तिच्या मालकीचे होतात. माझ्या आत्याच्या घरापासून टपरी शंभर पावलांवर असेल. ओटीवरून हाक मारली तर टपरीवाला "काय?" म्हणतो, इतकी जवळ. आत्या नातवाला म्हणते, "जा रं, साखर आण." नातू उठतो. चावी शोधतो. चावी सापडत नाही. घरभर फिरून, खुंटीवरच्या सगळ्या शर्टांचे खिसे तपासून, शेवटी देवाच्या फळीवर चावी मिळते. गाडी सकाळची थंड असते म्हणून किक मारतो. एक, दोन, पाच. मग आरशात केस बघतो. मग शेजारचा पोरगा विचारतो, "कुठं?" "टपरी." तोही मागे बसतो. दोघं शंभर पावलं गाडीवरून जातात, टपरीसमोर गाडी चालू ठेवून साखर घेतात, वळायला जागा नाही म्हणून पुढे मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन फिरून येतात. या सगळ्यात त्याची जी थोडीफार हालचाल झाली ती चावी शोधताना. आत्याला मी म्हटलं, चावी रोज नव्या जागी लपवत जा. डॉक्टरांच्या गोळीपेक्षा स्वस्त पडेल.

बसून राहणं आणि काळीज यांचा संबंध जगाला पहिल्यांदा नीट दाखवला तो बसवाल्यांनी. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली. दोघं एकाच गाडीवर, एकाच वर्गातले. एक दिवसभर बसून. दुसरा दिवसभर जिना चढउतार करून तिकिटं फाडणारा. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांत स्पष्टपणे कमी निघालं. त्यांच्या मंडळींनी पुढे १९५६ मध्ये आणखी एक मजा केली. कंपनीने शिवून दिलेल्या गणवेशांची मापं काढून बघितली, तर ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला जास्त रुंद शिवलेल्या. म्हणजे निम्मी गोष्ट शिंप्याला आधीच माहीत होती. आमच्याकडच्या एसटीला दुसरा मजला नाही, पण सरळगावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी भरलेल्या गाडीत मागच्या दरवाजापासून पुढच्या सीटपर्यंत, कोंबड्या, पाट्या आणि म्हाताऱ्यांच्या काठ्या ओलांडत जाणाऱ्या कंडक्टरला जिन्याची उणीव भासत नसेल.

शरीरात काय होतं, ते तसं गुंतागुंतीचं नाही. दमछाक करणारं काम केलं की रक्त जोराने वाहतं, नळ्यांच्या आतल्या अस्तराला ते घासून जातं, आणि ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडून नळ्या सैल करतं. काम संपल्यावर काही तास दाब नेहमीपेक्षा जरा खालीच राहतो. हे रोज होत राहिलं की नळ्या लवचीक राहतात, काळजाची उगाचची घाई कमी होते. रोज होणं थांबलं की त्या हळूहळू ताठर होतात. पंधराव्या वर्षी ताठरपणा अंगात शोभतो, पण तो वागण्यात असावा, रक्तवाहिन्यांत नको.

आकडा कशाचा असतो, हेही पोरांना कुणी सांगत नाही. १२० म्हणजे पाऱ्याची १२० मिलिमीटर उंची. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. तेव्हा त्या नळीत पाणी भरलं तर काळीज ते १.६ मीटरपर्यंत उचलेल. सव्वापाच फूट. दहावीतल्या पोराच्या उंचीएवढं. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने हे आधी घोडीवर करून पाहिलं होतं. तिच्या रोहिणीत नळी बसवली तर रक्त आठ फुटांहून वर चढलं. त्याचं पुस्तक १७३३ चं. म्हणजे प्रत्येक पोराच्या छातीत एक पंप असतो, आणि तो मिनिटाला सत्तरेक वेळा पुरुषभर उंचीवर पाणी चढवण्याइतका जोर लावतो, तक्रार न करता.

पाणी पुरुषभर उंचीवर चढवण्याचं दुसरं काम आमच्याकडे बायका करतात, आणि तेही तक्रार न करता असं मी लिहिणार होतो, पण आत्याने ते वाचलं तर मला घरात घेणार नाही. त्या भरपूर तक्रार करतात. ऐकत कुणी नाही.

शहापूर हा धरणांचा तालुका. तानसा धरण १८९२ चं. भातसा गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात आलं आणि मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ अर्धा वाटा त्याने उचलला. मोडकसागर आणि मध्य वैतरणाही याच डोंगरांच्या कुशीत. तानसाचं पाणी मोठाल्या नळांतून उताराउताराने मुंबईला जातं. त्याला घाम गाळावा लागत नाही, ते फक्त उतरतं. आणि त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर मार्च उजाडला की टँकर लागतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण कुणी शहापूरला राहूनच केली असावी. विहिरीला तळाशी दोन हात पाणी उरतं. मग पहाटे बायका आणि पोरी हंड्यावर हंडा चढवून टेकडी उतरतात, चढतात. एका हंड्यात बारा-पंधरा लिटर. म्हणजे तितके किलो डोक्यावर आणि चढ पायाखाली.

आणि पोरगा? पोरगा टँकर आला की नाही हे बघायला गाडीवरून फाट्यावर गेलेला असतो.

मला या सगळ्या विषयात खटकतं ते हेच. गावातली मेहनत संपली, असं आपण म्हणतो. ती संपलेली नाही. ती वाटून घेताना पोरांच्या पानात वाढायची राहिली आहे. जी मेहनत यंत्राने गेली ती मुख्यतः पुरुषांची गेली : नांगर, मळणी, वाहतूक. हंडा, मोळी, आवणीतलं वाकणं अजून यंत्रावाचून चाललं आहे, म्हणजे बायकांवर चाललं आहे. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी १४६ देशांतल्या मुलामुलींचा हिशेब मांडला, तेव्हा ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं पुरेशी हलत नाहीत असं दिसलं. मुलग्यांत ७८, मुलींत ८५ टक्के. जगाचं ते चित्र खरं असेल. पण तो हिशेब शाळेत जाणाऱ्या मुलांच्या उत्तरांवरून काढलेला आहे. एप्रिलमध्ये पहाटे विहिरीवर नंबर लावून बसलेल्या पोरी त्या दिवशी शाळेत होत्या का, हे कुणी विचारलं असतं तर आमच्याकडची टक्केवारी जरा वेगळी आली असती.

घरी हे बोलून दाखवलं तर मामा म्हणतात, "पोराने हंडा उचलायचा? लोक हसतील." पोराला बीपी झालं तर लोक हसत नाहीत. हंडा उचलला तर हसतात. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर 'हंडे दोन, सकाळ-संध्याकाळ, जेवणापूर्वी' असं लिहून शिक्का मारून दिलं, तरच काही जमेल.

पोरं अजिबात हलत नाहीत असंही नाही. एप्रिल-मेमध्ये हळदीला बेंजो लागला की ज्याला सकाळी उठवत नव्हतं ते पोरगं रात्री नऊपासून दोनपर्यंत नाचतं. दम लागतो, घाम फुटतो, काळीज नीट धावतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आठवड्याच्या कोट्यापैकी बराच भाग तिथे एका रात्रीत निघतो. पण त्यासाठी वर्षभर लग्नं लागतील. क्रिकेटचं म्हणाल तर टेनिसच्या चेंडूचे सामने वाडीवाडीला असतात, मांडव, कॉमेंट्री, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, सगळं काही. मैदान भाताच्या कापलेल्या खाचरात, सीमारेषा जवळ, त्यामुळे फलंदाज एकतर सिक्स मारतो नाहीतर बाद होतो. धावून धाव काढणं कमीपणाचं समजतात. मैदानात अकरा जण उभे, बाहेर चारशे बसलेले. कबड्डी बरी, तिथे बसून जमत नाही.

खरे धावतात ते भरतीवाले. पहाटे साडेपाचला मुरबाड रोडवर किंवा आसनगावच्या बाजूला जा, धुक्यातून बूट आपटत येणारी पोरं दिसतील. पोलीस भरतीला १६०० मीटर धावावं लागतं, तेही घड्याळ लावून. गावात धावण्याला मान असलेलं हे एकच कारण. पाय तेच, रस्ता तोच, पण धावणाऱ्याला कुणी "का रं पळतोस?" विचारत नाही, "कितीची ट्राय आहे?" असं विचारतात. भरती झाली की धावणं बंद, नाही झाली तरी वय उलटलं की बंद. मग तोच पोरगा गाडी घेतो.

आणि रविवारी मुंबईहून माणसं येतात. माहुलीला, गोरखगडाला, वैशाखऱ्याहून नाणेघाटात. पायात महागडे बूट, हातात घडीच्या काठ्या, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. सातवाहनांच्या काळात व्यापारी जी वाट पोटासाठी चढले, ती हे पोट कमी करण्यासाठी चढतात. मी हसत नाही, चांगलंच करतात. वाट दाखवायला गावातला पोरगा असतो, तो पायथ्यापर्यंत गाडीवर येतो आणि वर सरबताचा ठेला असलेल्या मित्राला मोबाइलवर सांगतो, "बारा जण येतायत, लिंबं काप." त्याच वेळी वरून एक ठाकरीण मोळी घेऊन झपाझप उतरते आणि मंडळी बाजूला सरून तिचा फोटो काढतात. तिच्या मनगटावर घड्याळ नाही, म्हणून तिची पावलं कुठेच जमा होत नाहीत.

"पण आमचा पोरगा तर वाळकुडा आहे, त्याला कसं बीपी?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा पाठपुरावा केला. आपली बाळं वजनाने हलकी जन्मतात, पण त्यातही चरबी राखून जन्मतात, असं त्यांना दिसलं. वरून बारीक, आतून गुबगुबीत. २००४ साली त्यांनी लंडनचे आपले सहकारी युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, दोघंही दिसायला सडसडीत. पण अंगातली चरबी युडकिन यांच्या ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या २१.२ टक्के. तेव्हा काटकुळेपणा हा काही जामीन नाही. त्यात शाळेसमोरच्या टपरीवरची पाच रुपयांची खारट पाकिटं. पूर्वी मीठ सुकट-बोंबलातून यायचं, पण त्याच्यासोबत भाकरी असायची आणि मागून चिखलणी. आता पाकीट येतं, त्याच्यासोबत मोबाइल येतो, आणि मोबाइलमधला गडी मैलोगणती धावत, उड्या मारत, भिंती चढत असतो. हलतात ते पोराचे दोन अंगठे. त्यांचा दाब उत्तम असेल.

मामाच्या धाकट्याचं असंच झालं. दोनदा मोजलं, दोनदा जास्त. डॉक्टर समजूतदार होते; गोळी दिली नाही. म्हणाले, मीठ कमी, झोप वेळेवर, रोज एक तास भरभर चाल, महिन्याने ये.

शहरात हे सोपं आहे. तिथे बागेत गोल गोल फिरणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. गावात बिनकामाचं चालणं ही अशक्य गोष्ट आहे. पोरगं संध्याकाळी रस्त्याला लागलं आणि पहिल्याच वळणावर गाडी थांबली. "बस रं, सोडतो." "नको काका, चालतोय." "अरे बस, मी तिकडंच चाललोय." "नको, सहजच चालतोय." काकांनी गाडी बंद केली. सहज चालतोय म्हणजे काय? घरी भांडण झालंय? गाडी बापाने काढून घेतली? पुढे दुसरी गाडी, मग टेम्पो, मग दुधवाला. दुधवाल्याला नाही म्हटलं तर त्याला राग आला; गेल्या वर्षीच्या उधारीवरून बोलत नाही असं त्याला वाटलं. अंधार पडायच्या आत मामींना तिघांचे फोन आले : "पोरगं एकटंच रस्त्याने चाललंय, विहिरीकडे. जरा लक्ष ठेवा."

मामींनीच मग तोड काढली. घरातल्या सहा शेळ्या दावणीला बांधून पाला खायच्या. त्या सोडल्या आणि म्हणाल्या, यांना घेऊन जा. शेळ्या मागे असल्या की माणसाला काम असतं आणि लिफ्ट कुणी देत नाही. शिवाय शेळी सरळ रस्त्याने चालत नाही. ती बांधावर चढते, दुसऱ्याच्या तुरीत शिरते, कड्याच्या टोकाला जाऊन उभी राहते, आणि तिला आणायला चढावं लागतं. पोरगं दिवेलागणीला घरी आलं ते धापा टाकत, घामाने निथळत, शेळ्यांना शिव्या घालत. हेच डॉक्टरांनी सांगितलं होतं; फक्त शिव्या जादा.

चौथ्या दिवशी मामा चिडले. पोराला कॉन्व्हेंटमध्ये घातला, कल्याणला क्लास लावला, आणि आता फाट्यावरचे लोक विचारतात की तुमचा पोरगा शेळ्या राखतो का म्हणून. बाप गुराखी होता हे त्यांना गावाला विसरायला लावायला तीस वर्षं लागली होती. घरात दोन दिवस अबोला. मामी शेळ्या बांधायला तयार नाहीत, मामा सोडायला तयार नाहीत, आणि पोरगं, दोघांचं काय ठरतंय याची वाट बघत, आनंदाने पलंगावर.

तिसऱ्या दिवशी मामा मुरबाडच्या बाजारातून नवे स्पोर्ट्स शूज घेऊन आले आणि पोरासमोर ठेवले. "हे घालून जा शेळ्यांमागं. कुणी विचारलं तर सांग, भरतीची तयारी करतोय."